लहान वाटा, वेगळी पेंड

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या शेतकऱ्याचं खरिपातलं मुख्य पीक सोयाबीन. जगाच्या बाजारात मात्र भारताचा वाटा लहान. ब्राझील, अमेरिकेशी भावात स्पर्धा करणं अवघडच. तरीही आपल्या सोयापेंडीला युरोपात गिऱ्हाईक मिळतं, आणि त्याचं कारण बियाण्यात आहे. ब्राझील, अमेरिकेतलं बहुतेक सोयाबीन जनुकबदल केलेलं. आपल्याकडे तशा वाणाच्या व्यापारी लागवडीला परवानगी नाही.

दाण्यातलं सुमारे १८ टक्के तेल काढलं की उरते प्रथिनांनी भरलेली पेंड. युरोपीय संघात पशुखाद्यातही जनुकबदल घटक ०.९ टक्क्यांहून जास्त असेल, तर लेबलावर लिहावं लागतं. पीसीआर चाचणी डीएनएचा नेमका तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवून तो अंश पकडते. गोदामात, ट्रकमध्ये, जहाजात थोडी जरी भेसळ झाली तरी चाचणीत ती दिसू शकते.

म्हणून माझ्या मते खरा माल म्हणजे पेंडीसोबत जाणारी नोंद: कुठलं बियाणं, कोणतं गोदाम, कोणती चाचणी. २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकबदल पेंडीच्या आयातीला मुभा दिली, तेव्हापासून तर ही नोंद जास्तच मोलाची झाली. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ती पेरणीपासूनच ठेवायला हवी.