तुमच्या व्हॉट्सॲपमधली ७७ अंकी मूळ संख्या

आज अलिबागच्या किनाऱ्यावर आहे, मागे लाटांचा आवाज येईल, सांभाळून घ्या. समोर कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. मग वेळ कशी काढायची? इकडची जुनी रीत: तिथीची पाऊणपट करा. समजा चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा एकपासून. पंधरा टाकून द्यायचे, उरलेली बाकी धरायची.

आता किल्ल्यावरून तुम्ही आईला फोटो पाठवता. त्याआधी तुमच्या आणि आईच्या फोनने कुलपाची एक सामाईक किल्ली ठरवलेली असते, आणि ती असंच बाकीचं गणित करून. फक्त इथे पंधरा नाहीत, तर २ चा २५५ वा घात वजा १९ टाकून द्यायचे. ही ७७ अंकी मूळ संख्या आहे. डॅनियल बर्नस्टाईन यांनी २००५ मध्ये ती वापरून जी पद्धत मांडली, तिचं नावच कर्व्ह२५५१९.

मूळ संख्याच का? घड्याळ बघा. तीन चोक बारा, आणि बारा म्हणजे तिथे शून्य. दोन धडधाकट आकडे गुणले आणि हातात भोपळा! अशा घड्याळात भागाकार धड होत नाही, आणि किल्लीच्या गणितात तो लागतोच. मूळ संख्येच्या घड्याळात शून्य सोडून कशानेही भागता येतं.

बरं, १९ च का? २ चा घात सम, म्हणून विषम आकडेच वजा करून बघायचे. २, ४, ८ ला सातने भागलं तर बाकी २, ४, १, आणि पुढे तेच चक्र. २५५ ला तीनने भाग जातो, म्हणून बाकी १. म्हणजे १ वजा केलं की सातने भाग जातो, १५ केलं तरी जातो. ३ किंवा १३ वजा केलं तर पाचने जातो. ५, ११, १७ ला तीनने, ९ ला सतराने. राहिला ७, तो जरा चिवट, पण तिथेही मूळ संख्या मिळत नाही. मग थेट १९.

मला हे फार आवडतं, कारण यात कुणाची आवडनिवड नाही. २०१३ मध्ये एका अमेरिकी मानक पद्धतीतल्या आकड्यांमागे चोरवाट असल्याचा संशय बळावला आणि पुढच्या वर्षी ती शिफारशीतून काढावी लागली. इथे आकडा कुठून आला ते तुम्ही वहीवर तपासू शकता. शिवाय सोय अशी की या घड्याळात २ चा २५५ वा घात म्हणजे सरळ १९, त्यामुळे स्वस्तातला फोनही गुणाकार झटपट उरकतो.

ही संख्या गुप्त नाही हं, जगजाहीर आहे. गुप्त असतो तो तुमच्या फोनने स्वतः काढलेला यादृच्छिक आकडा, आणि तो फोनमध्येच राहतो. फोन अनलॉक करून मित्राच्या हातात दिलात, तर मग ७७ अंकही काही करू शकत नाहीत.