बारा व्होल्ट, पण कुठले?

खरिपात जालना जिल्ह्यात फवारणीचे पंप घरोघरी बाहेर निघतात. अंबडकडची मोसंबी असो की भोकरदनची कपाशी, पंपाची बॅटरी रात्री भरली नाही तर सकाळची फवारणी बुडते. नेमका तेव्हाच चार्जर सापडत नाही आणि नजर वायफायच्या राउटरकडे जाते. त्याचा अडॅप्टरही बाराच व्होल्टचा, पिनही कधी कधी बसते.

इथंच घोळ होतो. पंपात बहुधा 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असते. तिच्यावरचा 12 हा आकडा नावापुरता. पूर्ण भरायला तिला 14 व्होल्टच्या आसपास दाब लागतो. राउटरचा अडॅप्टर 12वरच अडतो. रात्रभर लावा, बॅटरी अर्धपोटीच राहते. असं वारंवार झालं की प्लेटांवर सल्फेट चढतं, बॅटरी बसते आणि शिव्या दुकानदाराला पडतात. लिथियमच्या पंपाशी तर असले प्रयोग नकोच. तीन सेलचा नेहमीचा पॅक 12.6 व्होल्टला भरतो. त्यापुढं रेटला तर पेट घेऊ शकतो. त्याला त्याचाच चार्जर हवा.

राउटर, सेट-टॉप बॉक्सचं गणित सोपं आहे. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात 'आउटपुट' लिहिलेलं असतं. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कारण यंत्र लागेल तेवढाच करंट ओढतं. 1 अँपिअरच्या राउटरला 2 अँपिअरचा अडॅप्टर बिनधास्त लावा. अर्ध्या अँपिअरचा लावलात तर तो तापेल आणि राउटर सारखा बंद-चालू होईल.

शेजारी दोन वर्तुळांचं छोटं चित्र असतं. पिनेचा मधला भाग अधिक की उणे, हे ते सांगतं. राउटरला बहुतेक वेळा मध्ये अधिक लागतं. भजनी मंडळांतल्या कित्येक जुन्या कॅसिओ कीबोर्डना मात्र मध्ये उणे. उलटं लावलं तर आतलं सर्किट जळू शकतं. पिनेचं मापही फसवं: बाहेरून दोन्ही 5.5 मिलिमीटर, पण आतलं भोक एकीचं 2.1 तर दुसरीचं 2.5. मग पिन ढिली बसते, नाहीतर बसतच नाही.

नवीन अडॅप्टर घेताना त्यावर 'आर'ने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' ॲपवर तो तपासता येतो. आणि जालन्याला निघताना जुना अडॅप्टर पिशवीत टाकाच. तो हरवला असेल तर राउटरच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो काढून न्या.