कांदा: आत की बाहेर?

19 ऑगस्ट 2023. केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसवलं. ऑक्टोबर संपता संपता नवा हुकूम आला: टनाला 800 डॉलरच्या खाली विकायचा नाही. 8 डिसेंबरला तर थेट बंदी! 4 मे 2024 ला ती उठली, पण 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क सोबत घेऊनच. सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 ला तेही गेलं. दोन वर्षंही झाली नाहीत आणि एका पिकाने इतके नियम पाहिले.

यातली डिसेंबरची बंदी सर्वांत जिव्हारी लागली. कारण उन्हाळ कांदा चाळीत भरून दिवाळीपर्यंत थांबता येतं. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा, आणि तो टिकतच नाही. काढला की विकायचा, मिळेल त्या भावाने. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. त्यांचा राग शंभर टक्के खरा होता.

बंदी चालू असतानाच, एप्रिल 2024 मध्ये, गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला बाहेर जायची मुभा मिळाली. महाराष्ट्रात संताप उसळला. पाठोपाठ सरकारने सांगितलं, सहा देशांना 99,150 टन पाठवायला परवानगी दिली आहे.

शेजाऱ्यांनाही याची झळ बसते. सप्टेंबर 2019 च्या अखेरीस अशीच अचानक बंदी आली. काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय, असं त्यांनी भर कार्यक्रमात हसत हसत ऐकवलं आणि पुढच्या वेळी आधी कळवा, अशी विनंतीही केली. ढाक्याने मग म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा आणला. गिऱ्हाईक एकदा दुसरं दुकान शोधायला लागलं की त्याला परत वळवणं सोपं नसतं.

जागतिक व्यापाराच्या नियमांत निर्यातबंदी एरवी चालत नाही. अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती चालते. निर्यात शुल्काला मात्र सरसकट मनाई नाही. अमेरिकेची गोष्ट निराळी: तिथे निर्यातीवर कर लावायला राज्यघटनेनेच बंदी केली आहे!

आपल्याकडे सरकार घाबरतं ते मतदाराला. 1998 मध्ये दिल्ली राज्यातल्या सरकारची सत्ता गेली, त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता. शहरातल्या गरिबाच्या ताटात कांदा परवडलाच पाहिजे, यात वाद नाही. पण त्याची किंमत एकट्या निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याने का मोजायची? शुल्क लावायचं तर लावा, पण उन्हाळ कांद्याचं रोप टाकण्याआधी सांगा, आणि कांदा विकून होईपर्यंत तो नियम बदलू नका.