सेप्टिमा क्लार्क : अक्षरापासून मतापर्यंत

मत देण्यासाठी मनुष्य साक्षर असला पाहिजे काय, हा प्रश्न आपल्याकडे आता कोणी विचारीत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोट्यवधी निरक्षर स्त्रीपुरुषांनी पेटीवरचे चिन्ह ओळखून आपली मतपत्रिका आत टाकली, आणि तो वाद तेथेच मिटला. त्याच्याही पूर्वी, १९२९ साली, मुंबई इलाख्याच्या राज्यकारभारासंबंधी लिहिलेल्या स्वतंत्र अहवालात डॉ. आंबेडकरांनी साक्षरतेची अट घालणारांना स्पष्ट बजावले होते की, निरक्षर तो निर्बुद्ध आणि साक्षर तो शहाणा, ही दोन्ही गृहीते चुकीची आहेत. परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागात ही अट १९६५ पर्यंत जिवंत होती. तेथे ती शहाणपणाची कसोटी म्हणून घातलेली नव्हती. काळ्या माणसाला मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठी घातलेले ते कुलूप होते. त्या कुलपाची किल्ली एका बडतर्फ शिक्षिकेने कशी घडविली, ते येथे सांगावयाचे आहे.

आधी कुलूप कसे होते ते पाहू. दक्षिण कॅरोलायना या राज्याने १८९५ साली नवी राज्यघटना केली. मतदार म्हणून नाव नोंदवावयाचे तर घटनेतले एखादे कलम वाचून व लिहून दाखवावे, नाही तर तीनशे डॉलर किमतीच्या मालमत्तेवर कर भरलेला असावा, असा नियम झाला. वाचन पसंत पडले की नाही, हे ठरविणारा अधिकारी गोरा. आणि याच भूमीत १७४० सालच्या कायद्याने गुलामाला लिहावयास शिकविणे हा गुन्हा ठरविलेला होता! आधी शिकू द्यावयाचे नाही आणि पुढे शिकला नाहीस म्हणून हक्क द्यावयाचा नाही, ही युक्ती आपल्या श्रोत्यांना अगदीच अपरिचित वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. ते योग्यच होते. पण बेडी तुटल्यावर जे घडले तेही आपण समजून घेतले पाहिजे.

सेप्टिमा पॉइन्सेट यांचा जन्म ३ मे १८९८ रोजी चार्ल्स्टन या बंदराच्या गावी झाला. वडील पीटर जन्माने गुलाम. लहानपणी मालकाच्या मुलांना शाळेत पोचवावयाचे आणि ती सुटेपर्यंत बाहेर बसून राहावयाचे, हे त्यांचे काम. आई व्हिक्टोरिया काही वर्षे हैतीत वाढलेली, धुणी धुऊन संसाराला हातभार लावणारी आणि ‘मी कोणाची गुलाम नव्हते’ हे अभिमानाने सांगणारी. शाळेच्या दाराशी बसलेल्या त्या मुलाची मुलगी १९१६ साली शिक्षिका झाली. पण चार्ल्स्टन शहरातील काळ्या मुलांच्या सरकारी शाळांतसुद्धा काळ्या शिक्षकाला नोकरी मिळत नसे. म्हणून अठराव्या वर्षी त्यांना समुद्रालगतच्या जॉन्स बेटावर जावे लागले. तेथे एकशे बत्तीस मुले आणि दोन शिक्षिका. मुख्य म्हणून क्लार्कबाईंना महिना पस्तीस डॉलर. जवळच गोऱ्यांची शाळा होती. तीत मुले तीन आणि शिक्षिकेचा पगार पंचाऐंशी डॉलर. हे गणित त्या जन्मभर विसरल्या नाहीत. रात्री मोठी माणसे येत, त्यांनाही त्या अक्षरे काढावयास शिकवीत.

मधली वर्षे थोडक्यात सांगतो. १९१९ साली त्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स्टनच्या शाळा काळ्या शिक्षकांना खुल्या झाल्या. नेरी क्लार्क या खलाशाशी विवाह झाला. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली, १९२५ साली पतीही गेले, आणि लहान मुलाला सासूसासऱ्यांकडे ठेवून बाईंना नोकरी करावी लागली. नोकरी सांभाळून त्यांनी १९४२ साली बी. ए. आणि १९४६ साली एम. ए. केले. समान पगारासाठी कोलंबिया शहरात जो दावा झाला, त्यातही त्यांनी काम केले. १९४५ साली तो जिंकला गेला.

१९५६ साली मात्र राज्याने कायदा केला की, काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘एन.ए.ए.सी.पी.’ या संस्थेच्या सभासदाला सरकारी नोकरीत राहता येणार नाही. अनेकांनी सभासदत्व लपविले. क्लार्कबाईंनी लपविले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर निवृत्तिवेतनही गेले. त्यांनी ७२६ काळ्या शिक्षकांना पत्रे लिहून एकत्र येण्याचे आवाहन केले. उत्तरे आली २६. यावर दुसरा कोणी सहकाऱ्यांच्या भित्रेपणावर आग पाखडीत बसला असता. बाईंनी काढलेला निष्कर्ष निराळा होता : मनाची तयारी झालेली नसताना आपण माणसांना पुढे ढकलीत होतो. तयारी आतून व्हावी लागते आणि तिला वेळ द्यावा लागतो. त्यांच्या पुढच्या सर्व कार्याचे मूळ आम्हांला या अपयशात दिसते.

टेनेसी राज्यात माँटीगल येथे माइल्स हॉर्टन यांची ‘हायलँडर’ नावाची लोकशाळा होती. काळे आणि गोरे तेथे एका मेजावर जेवीत, हाच त्या काळी मोठा गुन्हा. बाई १९५४ पासून तेथे जात होत्या. नोकरी जाताच तेथील शिबिरांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९५५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या एका शिबिरात माँटगमरीची एक शिवणकाम करणारी, अबोल बाई आली होती. तिचे नाव रोझा पार्क्स. त्याच वर्षी १ डिसेंबरला बसमधली जागा सोडण्यास तिने नकार दिला, आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

आता जॉन्स बेटाकडे परत जाऊ. तेथे ईसॉ जेंकिन्स नावाचे गृहस्थ बस चालवीत आणि बेटावरच्या मजुरांना कामासाठी चार्ल्स्टनला नेत. जाता-येता ते उतारूंना घटनेची कलमे वाचून दाखवीत. अ‍ॅलिस वाइन नावाच्या बाईने ऐकून ऐकून कलम पाठ केले आणि नोंदणी कचेरीत धडाधडा म्हणून नाव नोंदविले! पण ती जेंकिन्सना म्हणाली की, पाठांतर झाले, आता मला खरोखरीच वाचावयास शिकवा. जेंकिन्स हायलँडरकडे आले आणि तेथून ‘नागरिकत्व शाळा’ निघाली. एक पडकी शाळा विकत घेतली. पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान थाटले, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. मागच्या खोल्यांत वर्ग. ७ जानेवारी १९५७ रोजी पहिल्या रात्री चौदा प्रौढ विद्यार्थी आले.

शिकवावयाचे कोणी? बाईंनी पदवीधर शिक्षक मुद्दाम टाळले. त्याला दोन कारणे होती. सरकारी शिक्षकाच्या मानेवर नोकरीची टांगती तलवार. आणि शिकलेल्या माणसाच्या स्वरातला नकळत येणारा तुच्छभाव निरक्षराच्या कानाला लगेच कळतो. म्हणून त्यांनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन हिला गळ घातली. ती केस सावरण्याचे दुकान चालवी आणि कपडे शिवी. तिची गिऱ्हाइके काळी, म्हणजे तिचे पोट कोणा गोऱ्याच्या मर्जीवर नव्हते. वर्गात तिने पहिल्याच रात्री सांगितले की, मी शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू. बरोबर आणलेली बालवर्गाची पुस्तके तिने बाजूला ठेवली आणि विचारले, तुम्हांला काय शिकावयाचे आहे? उत्तरे साधी होती. स्वतःचे नाव लिहिता यावे, बायबल वाचता यावे, मनिऑर्डरचा कागद भरता यावा. मग तेच पाठ झाले.

नाव शिकविण्याची रीत क्लार्कबाईंची. पुठ्ठ्यावर नाव मोठ्या अक्षरांत लिहावयाचे आणि शिकणाराने त्यावरून पुनःपुन्हा पेन्सिल फिरवावयाची, म्हणजे वळण हाताच्या स्नायूंत मुरते. आपल्याकडे डाव्या हाताचा अंगठा, तिकडे फुली. त्या फुलीची जागा नावाने घेतली. पासष्ट वर्षांच्या एका विद्यार्थिनीने फळ्यावरच्या नावांच्या यादीतून आपले नाव पट्टीने दाखविले, तो प्रसंग रॉबिन्सनबाई पुढे कितीतरी वर्षे सांगत असत. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावलेला होता. वर्ग संपेपर्यंत तो सर्वांना वाचता आला पाहिजे, ही प्रतिज्ञा. आठवड्यातून दोन रात्री, शेतीला विसावा असलेल्या हिवाळ्यात, एवढाच पसारा. शेजारच्या बेटांनी तेच मागितले आणि शाळा वाढत गेल्या.

सत्तेला याचा अर्थ कळावयास वेळ लागला नाही. ३१ जुलै १९५९ रोजी हायलँडरवर धाड पडली आणि जन्मात दारूला न शिवलेल्या क्लार्कबाईंना दारू बाळगल्याच्या आरोपाखाली कैद झाली! आरोप टिकला नाही, तथापि १९६१ साली त्या शाळेची मान्यताच रद्द झाली. तोपर्यंत हे कार्य मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेकडे सोपविण्यात आले होते. जॉर्जियातील मॅकिंटॉश येथे अँड्र्यू यंग, डोरोथी कॉटन आणि क्लार्कबाई यांनी गावोगावच्या माणसांना पाच-पाच दिवसांचे शिक्षण दिले. फळा नसेल तेथे धोब्याच्या दुकानातील कागदी पिशव्या भिंतीला लावून त्यांवर लिहीत. अशी सुमारे दहा हजार माणसे शिकवावयास तयार झाली. राज्याने एक शिक्षिका काढली होती. मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर याच मालिकेतल्या. १९६३ च्या जूनमध्ये असे शिक्षण घेऊन परतताना विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. किंग यांच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर क्लार्कबाई पहिल्याच स्त्री सभासद. आणि तेथे त्यांचे म्हणणे क्वचितच मनावर घेतले जाई. ही बाई येथे कशाला, असा प्रश्न कार्यकारिणीत एक थोर पुढारी वारंवार काढीत. प्रत्येक मोर्चा तुम्हीच काढू नका, ठिकठिकाणची माणसे पुढे आणा, असे पत्र त्यांनी किंग यांना लिहिले. ते बैठकीत वाचले गेले आणि हसण्यावारी गेले. चळवळीचा चेहरा म्हणून व्यासपीठावरचे पुरुष राहिले. किराणा दुकानामागची ती खोली छायाचित्रकारांना दिसणार तरी कशी?

६ ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्याने दक्षिणेत साक्षरतेची परीक्षा स्थगित केली, आणि १९७५ साली ती देशभर कायमची गेली. त्या कायद्यातील, जुलमी राज्यांवर आधीच देखरेख ठेवणारे प्रमुख कलम मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकामी केले, आणि नावनोंदणीचे तंटे तेथे आजही चालू आहेत.

१९७० साली क्लार्कबाई संस्थेच्या कामातून निवृत्त झाल्या. १९७५ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्या चार्ल्स्टनच्या शाळामंडळावर निवडून आल्या. त्याच गावच्या शाळेतून त्यांना घालविले होते. पुढच्या वर्षी राज्यपालांनी त्यांचे निवृत्तिवेतन परत सुरू केले, वीस वर्षांनी. १५ डिसेंबर १९८७ रोजी त्या जॉन्स बेटावरच वारल्या. चार्ल्स्टनमधून जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव दिले आहे. तो रस्ता काढताना काळ्यांची जुनी वस्ती मधोमध कापली गेली होती.