चाकाच्या नटाला मापाचा जोर

नवीन जालन्यातून निघालेली मोटार थोड्याच वेळात समृद्धी महामार्गाला लागते. 11 डिसेंबर 2022 रोजी या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा मिळाली. त्या वेगात एकेक चाक चार-पाच नटांच्या भरवशावर असते, आणि ते नट अनेकदा अंदाजानेच आवळलेले असतात. हा अंदाज संपवणारे अवजार म्हणजे टॉर्क रेंच.

त्याची गरज पोलादी सळया बनवणाऱ्या जालन्याला चटकन पटावी. सळई यंत्रावर ताणून तपासतात. एका हद्दीपर्यंत ती ताण सोडताच मूळ लांबीवर येते. हद्द ओलांडली की कायमची लांबते. नट ज्यावर बसतो तो चाकाचा स्टडही आवळताना किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच चाक हबला आवळून धरतो. नट ढिला राहिला तर चाक हलते, स्टड थकून तुटतो. जादा आवळला तर आटे जातात, ब्रेकची डिस्क वाकू शकते आणि वाटेत पंक्चर झाल्यावर नट सुटता सुटत नाही.

बऱ्याच छोट्या मोटारींना 85 ते 110 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. 30 सेंटिमीटरच्या पान्यावर 30 किलोचा जोर दिला की 88 भरतात. त्याच पान्याच्या टोकावर 70 किलोचा माणूस उभा राहिला की 206!

घ्यायचा कोणता? काटेवाला रेंच स्वस्त आणि टिकाऊ, पण काटा समोरून वाचावा लागतो. एअर गनला लावायची टॉर्क स्टिक एकाच आकड्याची असते आणि हवेचा दाब बदलला की फसते; शेवट हातानेच करावा. घरासाठी अर्धा इंची, 40 ते 200 न्यूटन-मीटर मापाचा क्लिक रेंच उत्तम. मुठीवर आकडा लावायचा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे आणि ‘कट्’ झाले की थांबायचे. आटे कोरडे व स्वच्छ हवेत. ग्रीस लावले तर त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. नट सोडवायला हा रेंच वापरू नये. काम झाल्यावर मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, म्हणजे स्प्रिंग दबून राहत नाही. वर्षातून एकदा माप तपासून घ्यावे.

पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा मेकॅनिकला आकडा विचारा, आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर नट स्वतः पुन्हा तपासा.