वसईहून वाळवंटाकडे : तयारीच्या तीन दशकांचा मागोवा

विरार फाट्यावरून गाडी उत्तरेला वळवली की खानिवडे, मनोर, चारोटी, तलासरी, अच्छाड अशी नावे मागे पडतात आणि आपण गुजरातेत शिरतो. कच्छचे छोटे रण विरारपासून साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरवर आहे. भूज आठशेच्या आसपास, तर जैसलमेर हजाराच्या घरात. मुंबईकराला आधी शहरातून बाहेर पडून वसईची खाडी ओलांडावी लागते, आपल्याला लागत नाही. म्हणून आपल्याकडच्या गाडीवेड्या मंडळींना वाळवंटाची ओढ फार पूर्वीपासून आहे. तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन आणि मागे ट्रेलर घेऊन डांबरापलीकडे जायचे, हा बेत इथल्या अनेक घरांत आखला गेला आहे. गेल्या तीन दशकांत गाड्या, रस्ते आणि नियम सगळेच बदलले. गाड्या सुधारल्या, तशी तयारीही सुधारली का, हे एकदा तपासून पाहावेसे वाटते.

सुरुवात जीपची. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्राने मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि 'जीप' हा शब्द मराठीत कायमचा रुजला. दुसऱ्या महायुद्धात याच जीपमागे पाव टनी छोटा ट्रेलर जोडला जाई. तो इतका घट्ट बांधलेला होता की पाण्यात तरंगायचा. पुढे लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जीप आणि त्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळू लागले. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. १९९६ मध्ये महिंद्राने 'ग्रेट एस्केप' या ऑफ-रोड सहली सुरू केल्या, १९९९ मध्ये 'रेड द हिमालय' ही शर्यत आली आणि २००३ मध्ये थेट वाळवंटातली 'डेझर्ट स्टॉर्म'. कच्च्या वाटेवर गाडी चालवणे ही शिकण्याची गोष्ट आहे, ही जाणीव सामान्य गाडीवाल्यापर्यंत याच काळात पोचली.

त्या काळातल्या तयारीचा सगळा भर बिघाडावर होता. फॅन बेल्ट, क्लच प्लेट, कॉइल, पंपाचा डायफ्रॅम, पाने, टॉमी, दोन स्टेपन्या आणि दोराचे भेंडोळे, अशी यादी असे. बरोबरच्या चौघांत एकाला तरी इंजिन खोलता यायला हवे, हा अलिखित नियम होता. गाडी बंद पडणार हे गृहीत धरूनच माणूस निघायचा. त्यामुळे तो सावकाश जायचा, वाटेतल्या माणसांशी बोलायचा आणि रस्ता विचारत पुढे सरकायचा. गैरसोयीतून आलेली ही सवय वाळवंटात सर्वांत उपयोगी पडणारी होती.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त केले. मदतीच्या कितीतरी गाड्या महाराष्ट्रातून विरार फाट्यावरच्या याच महामार्गाने तिकडे गेल्या. त्यानंतर कच्छ नव्याने उभे राहिले आणि रस्तेही झाले. आपल्या बाजूला मुंबई-अहमदाबाद महामार्ग सुवर्ण चतुष्कोन योजनेत रुंद झाला. २००५ मध्ये धोरडोला रणोत्सव सुरू झाला आणि पांढरे रण घराघरात पोचले. जुलै २०२१ मध्ये धोलावीरा जागतिक वारसा यादीत गेले. आता खावड्याहून धोलावीऱ्याला जाणारा सरळ रस्ता दोन्ही बाजूंच्या मिठातून जातो. पूर्वी जिथे पोचणे हेच साहस होते, तिथे आज कुटुंबाची छोटी गाडीही आरामात जाते.

गाड्यांनीही याच काळात झेप घेतली. २०१० मध्ये थार आली, २०२० मध्ये तिचे नवे रूप. २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स. चार चाकांना ताकद देणारा, मागे मोकळा हौदा असलेला पिकअप आता हौशी माणसालाही मिळू लागला. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि गाडीतच मुक्काम करण्याच्या कल्पनेला सरकारी मान्यता मिळाली. ट्रेलरची मागणी वाढली ती याच सुमारास.

ट्रेलर बनवण्याचे कसब वसईला परके नाही. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांत लोखंड कापणारे, वाकवणारे, जोडणारे हात पिढ्यांपासून आहेत. पण हौसेने घडवलेला ट्रेलर आणि रस्त्यावर न्यायचा ट्रेलर यांत फरक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या संज्ञेत ट्रेलरही येतो. म्हणजे त्याला स्वतःची नोंदणी लागते. मान्यताप्राप्त उत्पादकाचा ट्रेलर घ्यावा, एमएच ४८ च्या आपल्या परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी आणि विमा कंपनीला ट्रेलरची लेखी कल्पना द्यावी. हे काम निघण्याच्या आठवड्यात होत नाही. डिसेंबरात जायचे असेल तर गणपतीनंतर लगेच सुरुवात करायला हवी.

ट्रेलरचे तंत्र थोडक्यात सांगतो. ट्रेलरची चाके ओढणाऱ्या गाडीच्याच मापाची असावीत, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालते. दोन्हींच्या चाकांमधले अंतर सारखे असावे, म्हणजे गाडीने वाळूत पाडलेल्या चाकोरीतून ट्रेलर येतो आणि त्याला नवी वाट फोडावी लागत नाही. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. ट्रेलर पाचशे किलोचा असेल तर हुकावर पन्नास किलो. त्याहून फार कमी असेल तर वेगात शेपटी डोलू लागते. फार जास्त असेल तर पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग हातात राहत नाही. जड सामान खाली आणि एक्सलच्या जरा पुढे ठेवावे. निघण्यापूर्वी हबच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरावे, कमानपाट्यांचे बोल्ट आवळावेत, सुरक्षा साखळी आणि मागचे दिवे तपासावेत. रिव्हर्स घेण्याचा सराव मोकळ्या मैदानावर करावा. कळंब, राजोडी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळूचा सराव करण्याचा मोह टाळावा. तो किनारा माणसांचा, मासळीचा आणि भरतीचा आहे.

वाळूत गाडी चालवण्याचे शास्त्र ज्याने घडवले, त्या राल्फ बॅगनॉल्डचे नाव इथे घ्यायलाच हवे. हा ब्रिटिश सैन्यातला अभियंता. १९२० च्या आणि १९३० च्या दशकांत सुट्ट्यांमध्ये मित्रांबरोबर साध्या फोर्ड गाड्या घेऊन तो लिबियाच्या वाळवंटात शिरला. मऊ वाळूत टायरची हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवर जास्त जागा व्यापतो आणि गाडी रुतत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले. रुतलेल्या चाकाखाली घालायला त्यांनी लोखंडी पन्हळी पट्ट्या वापरल्या. रेडिएटरमधून वाफ होऊन जाणारे पाणी परत मिळवण्याची युक्तीही त्यांनी बसवली, कारण प्रत्येक लिटर मोलाचा होता. १९४१ मध्ये त्याने वाळूच्या टेकड्यांच्या भौतिकशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या या मंडळींकडे चार चाकांना ताकद देणारी गाडी नव्हती, उपग्रहाचा नकाशा नव्हता. होता तो हिशेब. पाणी किती, इंधन किती, वजन किती आणि परतीची वाट कोणती.

आजही साधारण गाडीच्या टायरची हवा बत्तीस पीएसआयवरून अठराच्या आसपास आणली की जैसलमेरजवळच्या सम-खुरीकडच्या वाळूत ती सहज चालते. ट्रेलरच्या टायरचीही तशीच उतरवावी. वेग कमी ठेवावा, वळण मोठे घ्यावे, ब्रेक दाबण्याऐवजी गाडी आपोआप थांबू द्यावी आणि थांबताना तोंड उताराकडे ठेवावे. डांबरावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. म्हणून चांगला कॉम्प्रेसर हा चैनीचा भाग समजू नये.

पण आपल्याला सर्वांत जवळचे वाळवंट वाळूचे नाही, मिठाचे आणि चिखलाचे आहे. ते ओळखायला वसईकराइतका योग्य माणूस नाही, कारण रण म्हणजे आपली खाजणच, फक्त क्षितिजापर्यंत पसरलेली. पावसाळ्यात लुणी, बनास, रूपेण या नद्यांचे पाणी आणि वाऱ्याने आत ढकललेला समुद्र रणात पसरतो. पावसाळा संपला की ते आटू लागते. वर पांढरी, कोरडी साय धरते आणि खाली गाळ ओलाच राहतो. नायगाव-जूचंद्रच्या बाजूला मिठागरे पाहत वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. अशा जमिनीत हवा कमी करण्याची युक्ती पुरत नाही. साय फुटली की चाक चेसिसपर्यंत जाते आणि मागे भरलेला ट्रेलर असेल तर दोन्ही एकदम रुततात. म्हणून ट्रेलर काठावरच्या गावात मुक्कामाला ठेवावा आणि रणात मोकळी गाडी न्यावी. एकट्या गाडीने आत जाऊ नये. जमीन गडद दिसली की उतरून आधी पायी चालून पाहावे. रुळलेली वाट सोडू नये.

ही वाट बहुतेक वेळा मीठ पिकवणाऱ्या अगरिया कुटुंबांनी पाडलेली असते. छोट्या रणात पाणी ओसरले की ही कुटुंबे आत येऊन राहतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवतात. आपल्या मिठागरात भरतीचे पाणी घेतात, तिथे जमिनीखालचे खारे पाणी पंपाने उपसतात. पूर्वी डिझेलवर चालणाऱ्या या पंपांच्या जागी आता सौर पंप वाढत आहेत. देशातले तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत होते. ज्याला आपण निर्जन समजून तंबू ठोकतो, ती कुणाच्या तरी कामाची जागा आहे. त्यांच्या वाफ्याच्या बांधावरून गाडी गेली तर त्या कुटुंबाची कित्येक दिवसांची मेहनत जाते.

सामानाच्या बाबतीत जुनी पिढी अधिक शहाणी होती. पिण्या-रांधण्याला माणशी रोज पाच लिटर पाणी धरले तर चौघांना तीन दिवसांचे साठ लिटर होते, आणि एका दिवसाचे जादा मिळून ऐंशी लिटर, म्हणजेच ऐंशी किलो. आधी हे वजन मांडावे, मग उरलेल्या जागेत हौस बसवावी. हल्ली फ्रीज, खुर्च्या, दिव्यांच्या माळा आधी चढतात आणि पाण्यासाठी जागा शोधावी लागते. खाण्यासाठी आपल्या मातीत उत्तम शिधा आहे. आगाशीकडची सुकेळी उन्हात न बिघडता टिकते आणि दोन केळ्यांत पोटाला आधार मिळतो. भाकरीचे पीठ, पापड, चिंच-गूळ, सुके खोबरे एवढ्यावर दिवस निघतो. सुका बोंबील मात्र घरीच ठेवावा. ज्या गावात मुक्काम करायचा, तिथल्या लोकांच्या खाण्याच्या रीतीचा मान राखावा. आणि ज्याची आपल्याला सवय नाही ती गोष्ट म्हणजे थंडी. कच्छमधले नलिया हिवाळ्यात बहुधा गुजरातचे सर्वांत थंड ठिकाण असते. किनारपट्टीच्या माणसाकडे पुरेसे लोकरीचे कपडे नसतात आणि तंबूतली रात्र ते लगेच सांगते.

गेल्या तीस वर्षांत तयारीत खरी भर पडायला हवी होती ती परवानगी आणि जबाबदारीची. छोटे रण हे रानगाढवांचे अभयारण्य आहे. २०२४ च्या गणतीत ती ७,६७२ भरली. हे मोठेच यश आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, पावसाळ्यात ते बंद असते आणि मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. मोठ्या रणात आणि जैसलमेरच्या पश्चिमेला आंतरराष्ट्रीय सीमा आहे. तिथे सीमा सुरक्षा दलाचा शब्द अंतिम मानावा. परदेशी मार्गदर्शकांत उपग्रह फोन बरोबर घ्या असे हमखास लिहिलेले असते. आपल्या देशात परवान्याशिवाय तो बाळगणे गुन्हा आहे. त्यापेक्षा परतीची तारीख, वाट आणि मुक्काम घरी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लिहून द्यावेत.

जैसलमेरजवळच्या वाळवंट राष्ट्रीय उद्यानात माळढोक पक्षी अखेरचे दिवस मोजतो आहे. सोलापूरजवळ नान्नजला याच पक्ष्यासाठी महाराष्ट्राने १९७९ मध्ये अभयारण्य केले आणि तरीही आपल्या राज्यातून तो जवळपास नाहीसा झाला. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्या माळावरून सुटलेली एक गाडी काय करू शकते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

तीन दशकांचा हिशेब मांडला तर उत्तर स्पष्ट दिसते. गाड्या दहापटीने भरवशाच्या झाल्या, पण तयारी मागे पडली. पूर्वीचा प्रवासी गाडीवर अविश्वास ठेवून निघायचा, म्हणून जमिनीशी नम्र राहायचा. आजचा प्रवासी गाडीच्या ताकदीवर विसंबतो आणि जिथे चाक नेऊ नये तिथे नेतो. जुन्यांचा हिशेबीपणा आणि आजच्या गाडीची सुरक्षितता एकत्र आली तर याहून चांगला काळ नाही.

यंदा कुणी बेत आखत असेल तर एवढेच करा. ट्रेलर भरून वजनकाट्यावर चढवा आणि जे अतिरिक्त भरेल ते घरी ठेवा. परवानग्या हातात आल्याशिवाय तारीख ठरवू नका. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या. कचरा पिशवीत बांधून विरारपर्यंत परत आणा. आणि अगरियाच्या बांधापाशी गाडी थांबवून आधी विचारा, कुठून जाऊ?