काशीदच्या पाठीमागचं पाणी

2026 मध्ये महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच शुक्रवारी. शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुटी. अलिबाग-मुरूड रस्त्यावर काय होणार, हे वेगळं सांगायला नको. मुंबईहून मांडव्याची रो-रो बोट 2020 मध्ये सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला आणि काशीदची वाळू मुंबईला आणखी जवळ आली. त्या वाळूवर उभं राहून समुद्राकडे पाठ केली, की समोर जो हिरवा डोंगर दिसतो तो फणसाड अभयारण्याचा. किनाऱ्यावर येणाऱ्यांपैकी फार थोडे त्या डोंगरात शिरतात. जे शिरतात त्यातले बरेच जण बिबट्या शोधतात आणि तासाभरात हिरमुसून परततात. त्यांच्यासाठीच हा लेख. फणसाडला जा, पण बिबट्यासाठी जाऊ नका. गाण बघायला जा.

गाण म्हणजे इथला झरा किंवा डोंगरातलं नैसर्गिक पाणवठ्याचं ठिकाण. चिखलगाण, धरणगाण, फणसाड गाण अशी त्यांची नावं. कोकणात पाऊस धो-धो पडतो, तरी एप्रिलमध्ये गावागावांत हंडे फिरतात. मग या डोंगरात भर उन्हाळ्यात पाणी राहतं कसं? उत्तर पायाखाली आहे. वरचा जांभा सच्छिद्र, स्पंजासारखा. पावसाचं पाणी तो आत ओढून घेतो. त्याखाली चिकण मातीचा थर आणि काळा कातळ, त्यातून पाणी सहज खाली उतरत नाही. मग ते आडवं सरकत सरकत डोंगराच्या कुशीत जिथे वाट सापडेल तिथे बाहेर येतं. वर दाट झाडी असेल तर पाऊस थांबून थांबून मुरतो आणि गाण जास्त दिवस टिकतं. झाडी गेली की तेच पाणी चार तासांत समुद्रात. हे एवढं समजलं की फणसाडचं सगळं जंगल समजतं.

मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांना ते नेमकं समजलेलं होतं. हे जंगल त्यांचं राखीव शिकारक्षेत्र. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येणारच, मग रानभर हिंडायचं कशाला? पाण्याजवळ दबा धरून बसायचं. 1986 मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं. शिकार थांबली, पण मचाणाची जागा बदलली नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या जंगलांत जी मचाणं बांधतात, त्यांचं गणित शिकाऱ्यांचंच आहे: उन्हाळा ऐन भरात, पाणवठे मोजके, चांदणं लख्ख. पूर्वी याला प्राणिगणना म्हणत. आता वनविभागच ‘निसर्गानुभव’ म्हणतो आणि ते योग्यच आहे. एकच सांबर दोनदा आलं की दोन सांबरं, हे कोणालाही चांदण्यात ओळखता येत नाही. शेकरू दिवसा हिंडणारं, ते रात्रीच्या नोंदीत येणारच नाही. खरी मोजणी कॅमेरा ट्रॅपवर आणि ठरावीक रेषेवर चालून होते. पण मचाणावर बारा तास गप्प बसण्याने माणसात जो फरक पडतो, तो कोणत्याही कॅमेऱ्याने पडत नाही. म्हणून हा उपक्रम चालू राहावा, असं माझं ठाम मत आहे.

मचाण सगळ्यांना मिळत नाही. मलाही मिळालं नव्हतं. मी सुपेगावच्या एका वाटाड्या काकांबरोबर पहाटे एका गाणाकडे चालत गेले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की पाण्याजवळ जाऊन उभं राहायचं नाही, लांब झाडाला टेकून बसायचं, आणि उठायचं नाही. बसलो. पहिला अर्धा तास फक्त पानगळीचा आवाज. मग बुलबुल आले, मग वानरांची टोळी. वरच्या फांदीवरून तांबूस झुबकेदार शेपटी लोंबली: शेकरू, आपला राज्यप्राणी. तो एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावत जातो, जमिनीवर उतरायचं शक्यतो टाळतो. म्हणूनच फांद्यांची सलगता तुटली की त्याचा रस्ताच तुटतो. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली मोठमोठी झाडं आडवी केली, तेव्हा किनाऱ्यावरच्या सुरूंचे फोटो सगळीकडे छापून आले. डोंगरातल्या या तुटलेल्या रस्त्यांबद्दल फारच कमी लिहिलं गेलं.

काकांनी ओल्या मातीतले ठसे दाखवले. भेकराचे, रानडुकराचे, आणि एक इतका चिमुकला खूर की माझ्या करंगळीच्या नखाशी तुलना करावी. पिसोरी. जेमतेम तीन किलो वजनाचं, शिंगं नसलेलं हे हरणासारखं जनावर दिवसा दडून असतं. प्रत्यक्ष दिसलं नाही, पण त्या खुराने मला जे दिलं ते जीपमधून पाहिलेल्या वाघानेही दिलं नव्हतं. परतताना वेलींवर हातभराहून लांब गारंबीच्या शेंगा लोंबत होत्या. पोरांना त्या नक्की दाखवा.

आम्ही उठण्याच्या बेतात असताना खालून दहा-बारा जणांचा घोळका आला. हातात स्पीकर, गाणं चालू. दोन मिनिटं पाण्यापाशी फोटो काढले आणि गेले. त्यानंतर तासभर त्या गाणावर एक पाखरू उतरलं नाही. उन्हाळ्यात जनावराच्या वाट्याला दिवसातली एखादीच वेळ येते, पाण्यावर येण्याची. ती चुकली तर त्याने दुसरीकडे जायचं कुठे? लोक वाईट नव्हते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

सांगायची जबाबदारी मला वाटतं काशीदच्या हॉटेलवाल्यांची आणि घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांचीही आहे. घोडा, बनाना राइड, जंजिरा आणि ‘जंगल पॉइंट’ असा एका दिवसाचा बेत आखून देणं थांबवावं. फणसाड हा पॉइंट नाही. तिथे अर्धा दिवस लागतो, आणि तो सकाळचा लागतो. वनविभागानेही टँकरने सिमेंटच्या टाक्या भरण्याइतकंच लक्ष जुनी गाणं राखण्याकडे, त्यांच्या वरची झाडी सांभाळण्याकडे द्यावं. टँकर एक उन्हाळा निभावून नेतो. मुरलेलं पाणी दर उन्हाळ्यात आपोआप येतं.

या सुटीत काशीदला जाणार असाल तर एक सकाळ राखून ठेवा. फाटकावर रीतसर प्रवेशपत्र घ्या, गावातला वाटाड्या बरोबर घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. मातकट रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका, फोन बंद ठेवा. आणि गाणाजवळ पोचलात की दोन तास बसा.